शिवणीच्या डावीकडे

२ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेल त्याच्या आगेमागे आमच्या नाटक कंपनीचा ट्रक तुमच्या फ्रेमच्या दुकानासमोर थांबेल आणि ड्रायव्हर एक लांबट गाठोडं उतरवून देईल. दचकू नका. पडदा नाही, चित्र आहे. दादा गेल्यापासून दोन वर्षं मी ब्रशला हात लावला नाही असं तुम्हांला सांगत आलो, ते खोटं नव्हतं. हे आत्ता डिसेंबरात झालं. कसं झालं ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही.

तुमच्या गावात मुलांचं नवं रुग्णालय उभं राहिलंय ना, त्याचे व्यवस्थापक आमच्या गोदामात जुन्या खुर्च्या बघायला आले होते. खुर्च्या राहिल्या बाजूला आणि गृहस्थ भिंतीला टेकवलेल्या ह्या चित्रासमोर पाऊण तास उभे. बाहेरच्या हॉलमध्ये, मुलं आपला नंबर यायची वाट बघत बसतात तिथे, हेच लावायचं म्हणाले. मी थट्टाच समजलो. पण त्यांनी खिशातून टेप काढली. हा माणूस टेपशिवाय बोलत नाही. दोन खिडक्यांच्या मधली जागा सव्वाचार फूट, आणि चित्र सव्वापाच. तेवढं बसवून द्या, वीस तारखेच्या आत, असं सांगून गेले. नाहीतर त्यांच्याकडे तळ्यातल्या बदकांचं एक छापील चित्र तयारच आहे म्हणे.

तर काम सोपं आहे. डावीकडून सव्वा फुटावर कॅनव्हासला शिवण आहे. तिच्या डावीकडे नुसतं धुकं आहे, काही नाही. शिवणीवरून सरळ कापा, चार फुटांवर ताणा, साधी पट्टी लावा आणि पोचवून द्या. तुमच्या हाताला हे दहा मिनिटांचं काम.

वहिनी, चाळीस वर्षं पडदे रंगवले. राजवाडे, जंगलं, तुरुंग. सगळे धुतले गेले, नाहीतर त्यांच्या पिशव्या झाल्या. भिंतीवर टिकेल असं माझ्या हातचं हे एकच, आणि शेवटचंही हेच. म्हणून वीस तारीख चुकवू नका, एवढीच विनंती.

थोरली म्हणून रागवायचा हक्क आहेच, पण कापून झाल्यावर रागवा.

तुमचा,
पडदेवाला

५ मार्च

प्रिय भावजींस,
अनेक आशीर्वाद.

चित्र परवा सुखरूप पोचलं. ड्रायव्हरने ते उतरवताना अशी काळजी घेतली की आत आजारी माणूस झोपलंय असं वाटावं. शेजारच्या सुतारभाऊंनी एक बाजू धरली. दोरी सोडली, कापड बाजूला केलं, आणि सुतारभाऊ पुढे वाकून बघायला लागले. मग म्हणाले, हे कुठलं गाव? मी म्हटलं, आमच्या भावजींच्या डोक्यातलं. तर म्हणे, भाडं किती पडेल तिथे?

अजून कापलेलं नाही. उगाच घाई करू नका. आपल्या दुकानाची रीत तुम्हांला ठाऊक आहे. आलेलं चित्र एक दिवस सरळ, एक दिवस उलटं टांगायचं, मगच पट्टीला हात लावायचा. तुमचे दादा म्हणायचे, सरळ असताना चित्रात काय आहे ते दिसतं आणि उलटं केलं की कुठे किती वजन आहे ते दिसतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली तरी मी कुणाच्या लग्नाचा फोटोसुद्धा उलटा टांगते. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

आता सरळ पाहिलं त्याचं सांगते. मी सातवी शिकलेली बाई. वाचायला शिकले ते जुन्या फ्रेमा उघडल्यावर मागे निघणाऱ्या पिवळ्या वर्तमानपत्रांवर, हे तुम्हांला माहीत आहे. वाचनालयातून चित्रं कशी बघावीत यावरचं एक जाड पुस्तक आणलं होतं, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. तेव्हा शब्द चुकले तर पोटात घाला.

तीन डोंगर हवेत तरंगतायत. खालून त्यांची मुळं लोंबतायत, उपटलेल्या रोपासारखी. जमिनीवरून पाणी वर चढतंय, आधी पहिल्या डोंगरावर, तिथून दुसऱ्यावर. आकाश जुन्या तांब्याच्या रंगाचं, आणि त्यात चंद्र दोन, एक भरलेला, एक नखाएवढा. हे सगळं अशक्य आहे, पण बघताना मला एकदाही खोटं वाटलं नाही. असं का, म्हणून मी स्टूल ओढून बसले. तेव्हा लक्षात आलं की गवत तुम्ही अगदी गवतासारखं काढलंय. दगडाला खाली ओल आहे. पांढऱ्या झाडांच्या बुंध्यांना गुरांनी अंग घासल्यासारख्या खुणा आहेत. माणसाला एक मोठी थाप मारायची असेल तर आजूबाजूचं सगळं खरं सांगावं लागतं, ते तुम्ही केलंय. लहानपणी शाळा बुडवून आलात की असंच करायचात, असं सासूबाई सांगायच्या.

आणि शांतता. आधी मला ती उदास वाटली. माणूस नाही, घर नाही, पाखरूसुद्धा लांब. पण चहा पिऊन परत पाहिलं तर तसं नव्हतं. कुणी निघून गेल्यानंतर एक शांतता असते, ती मला चांगली ओळखीची आहे. ही ती नाही. पाहुणे यायच्या आधी आवरून ठेवलेल्या खोलीत असते तशी ही आहे. कुणीतरी येणार आहे, किंवा येऊन उभं आहे. तुम्ही असं ठरवून केलंत की झालं?

तुम्ही ज्याला नुसतं धुकं म्हणता ते मी तपकिरी कागदाने झाकून पाहिलं, बरोबर शिवणीपर्यंत. झाकलं की मोठा डोंगर गर्दीत चेंगरलेल्या जाड माणसासारखा दिसतो आणि चित्र नुसती गंमत होऊन जातं. डोंगर उडतात, पाणी चढतं, वा वा, पुढे चला. कागद काढला की ती जागा होते. पाय ठेवावासा वाटतो. सव्वा फूट काही नाहीमध्ये एवढं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. आणखी दोन दिवस सरळच राहू दे, मग उलटं टांगते. तोपर्यंत सुरी कपाटात.

लोभ आहेच, तो मोजायला टेप लागत नाही.

तुमची वहिनी

८ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. माझ्या पडद्यांवर आजवर एकच टीका ऐकली आहे, की सुरकुती दिसते. त्यामुळे तुमचं कौतुक कुठे ठेवावं कळेना, शेवटी उशीखाली ठेवलं.

तरी पण कापा.

धुक्याचं गूढ काही नाही, ती धंद्याची सवय आहे. पडद्यावर माणूस कधी रंगवायचा नसतो. माणसं पुढे येऊन उभी राहतात, बोलतात, जातात. पडदा रंगवणाऱ्याने त्यांच्यासाठी एक बाजू मोकळी सोडायची. हात आपोआप तसा चालतो. रुग्णालयाच्या हॉलमध्ये कोण नट येणार आहे? म्हणून ती बाजू फुकट आहे.

व्यवस्थापकांचं काल पत्र आलं. त्यांनी खिडक्यांच्या मध्ये दोन खुंट्या ठोकून ठेवल्यात, मापासकट. बदकांची आठवण पुन्हा करून दिली आहे. वहिनी, मला त्या बदकांचा हेवा वाटतो हे कुणाला सांगू नका. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बदकांशी स्पर्धा करतोय.

तुम्ही उलटं टांगून वजन करणार म्हणताय. करा. पण मागची बाजू बघत बसू नका, तिथे माझं शिवणकाम आहे आणि ते दाखवण्यासारखं नाही.

रागवायचं असेल तर थोडं उरवून ठेवा, मी उन्हाळ्यात येणार आहे.

तुमचा,
पडदेवाला

११ मार्च

प्रिय भावजींस,
अनेक आशीर्वाद.

मागची बाजू बघू नका असं फ्रेमवाल्याच्या बायकोला लिहिणं म्हणजे मांजरीला दुधाचं पातेलं दाखवून डोळे मिटायला सांगणं. मागची बाजू हाच तर आमचा धंदा. तुम्हांला एवढंही सुचू नये?

बघितली. शिवण हाताची आहे, जाड सुईची. आता ऐका. उजवीकडच्या मोठ्या तुकड्याला सुईची जी भोकं आहेत, ती वाळलेल्या रंगातून गेली आहेत. भोकाभोवती रंगाचे टवके उडालेत. डावीकडच्या तुकड्याला तसं नाही, तिथे आधी भोक आणि मग रंग. म्हणजे तुमचं चित्र चार फुटांतच पूर्ण झालं होतं. वाळलं होतं. त्यानंतर तुम्ही सव्वा फूट कापड आणलंत, सुईला दोरा घातलात आणि ते जोडलंत. भावजी, काही नाही काढण्यासाठी कुणी कापड जोडतं का? हात आपोआप चालला म्हणता. रंगवताना हात आपोआप चालत असेल, पण सुईत दोरा आपोआप जात नाही. त्यातून तुमचा चष्मा हा असा.

मग सकाळी दुकानाचं एकच दार उघडं ठेवलं, म्हणजे ऊन तिरकं येतं, आणि चित्र त्या उन्हात आडवं धरलं. सुतारभाऊंना पुन्हा बोलावलं, ते म्हणाले वहिनी हे चित्र आहे की ओंडका, कितीदा उचलायचं. तिरक्या उन्हात रंगाचा उंचसखलपणा दिसतो. धुक्याच्या खाली उभी कड आहे. खांदे आहेत. डोकं आहे. धुक्याआड तुम्ही माणूस पुरलाय.

आणि त्याची सावली पुसायला विसरलात.

मी मूर्ख, पहिले पाच दिवस तिला ओहोळ समजत होते. गवतातून जाणारा तो काळसर पट्टा. डाव्या धुक्यातून निघतो, शिवण ओलांडतो आणि पांढऱ्या झाडांपर्यंत जातो. नजर त्याच्यावरूनच चालत जाते, मग झाडं, मग चढतं पाणी, डोंगर, नखाएवढा चंद्र, आणि तिथून उतरून परत धुक्यात. जायला वाट आणि परत यायलाही वाट. उलटं टांगल्यावर तो ओहोळ माणसाचा झाला. सगळा उजेड डावीकडून येतोय आणि त्या उजेडात कुणीतरी डोंगरांकडे तोंड करून उभं आहे. ती माणसाची सावली आहे, मान कललेली.

ती मान मी ओळखली. डाव्या कानाने ऐकू येत नसे म्हणून हे मान डावीकडे कलवून उजवा कान पुढे करायचे. चाळीस वर्षं त्या कानात मी बोलले. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतोय हा माणूस. निम्मं ऐकूच येत नसायचं.

तुम्ही त्यांना त्या जागी नेऊन उभं केलंत. ते बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, गेले चार दिवस दुकान उघडताना मी कुलूप जरा हळू काढते.

आता कापायचं तुम्हीच ठरवा, पण डोळे उघडे ठेवून ठरवा. शिवणीवरून कापलं तर सावली कडेपाशी तुटेल. ज्याची आहे तो नसलेली सावली तशीच पडून राहील. तुम्हांला तसं हवं असेल तर तसं लिहा, मी कापीन. थोरली असले तरी चित्र तुमचं आहे. पण नुसतं धुकं आहे असं पुन्हा लिहू नका.

लोभ आज जरा जास्तच आहे, जपून वापरा.

तुमची वहिनी

१४ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. गप्प बसलो असतो तर तुम्ही सुखात राहिला असता. पण तुमच्या अकरा तारखेच्या पत्रानंतर गप्प बसणं म्हणजे तुम्हांला फसवणं. लहानपणी शाळेच्या थापा मारल्या, ह्या वयात ही नाही मारवत.

तो दादा नाही.

दादाला काढायला गेलो होतो. तीनदा. चार फुटांचं चित्र संपलं, वाळलं आणि मला वाटलं की ह्या जागी बघायला कुणीच नाही. म्हणून कापड जोडलं. तुम्ही सुईची भोकं वाचलीत ती बरोबर वाचलीत. पण दादा उभा राहीना. खांदे काढले की दुसऱ्याच कुणाचे व्हायचे. मग कळलं. दादा जिवंतपणी तरी कधी चित्रासमोर उभा राहिला? तो कायम चित्राच्या मागे, तोंडात खिळे धरून. माझा कुठलाही पडदा पुरा झाला की तो म्हणायचा, तिला दाखव आधी, मग मला सांग ती काय म्हणाली.

ती म्हणजे तुम्ही. वहिनी, धुक्यात तुम्ही आहात.

मान डावीकडे कललेली नाही. तुम्ही उलटं टांगून पाहिलंत, खालची कड वर गेली, म्हणून बाजू फसली. सरळ करून बघा. माणूस डोंगरांकडे तोंड करून उभा आहे आणि सावलीची मान चित्राच्या खालच्या कडेकडे झुकली आहे. म्हणजे त्या माणसाच्या उजवीकडे. दादा ऐकायला मान डावीकडे कलवायचा. तुम्ही बघायला उजवीकडे कलवता. तुम्हांला ते माहीतही नसेल. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक पडद्यासमोर तुम्ही अशाच उभ्या राहिलात, आणि मी विंगेत उभा राहून तुमची मान किती कलते ते बघायचो. कमी कलली तर पडदा फसला. खूप कलली की जमला. वर्तमानपत्रात काय छापून येतं त्याच्याशी मला कधी कर्तव्य नव्हतं.

काढलं, चांगलं उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी मला ते बघवेना. एवढे मोठे डोंगर आणि खाली तुम्ही एकट्या. जे घरी झालं ते मी चित्रातही करून ठेवलं असं वाटलं. शिवाय न विचारता भावजयीला रंगवलं याची लाज. धुक्याचे तीन हात मारले. सावली राहिली, कारण माणसाची सावली पुसायची असते हे ह्या हाताला माहीतच नव्हतं. पडद्यावर माणूसच नसतो, तर त्याची सावली कुठली पुसणार?

व्यवस्थापकांचं माप आलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आपोआप कापलं जाईल आणि कुणाला कळणार नाही. मी तुमच्याच हातून तुम्हांला कापायला सांगितलं. आता हे लिहिल्यावर कापा किंवा कापू नका यातलं काहीही म्हणायचा अधिकार मला उरला नाही. तुमची जागा आहे, तुम्ही ठरवा. म्हणाल तर खरवडायची सुरी घेऊन येतो आणि धुकं काढून तुम्हांला मोकळं करतो. म्हणाल तर कापा. बदकं लागली तरी चालतील.

क्षमा मागायचीच आहे, ती समोर येऊन मागेन.

तुमचा,
पडदेवाला

१६ मार्च

भावजींस,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी चिडले. आठवडाभर ते माझ्या दुकानात उभे होते आणि तुम्ही एका ओळीत त्यांना हाकललंत. माणूस एकदा गेल्यावर पुन्हा जातो हे मला माहीत नव्हतं.

आज जास्त लिहीत नाही. पट्टी अजून निवडलेली नाही.

वहिनी

२१ मार्च

प्रिय भावजींस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राबद्दल वाईट वाटून घेऊ नका, किंवा थोडं घ्या. राग खरा होता. दोन दिवस मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पण त्याची मागची बाजू माझ्याकडे आली आणि तिथे बघता बघता वाटलं की तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. ते मागेच असायचे. त्यांना समोर उभं करायचा हट्ट माझा होता, चित्राचा नव्हता.

मग एक काम केलं. चार फुटांची काच भिंतीला टेकवली, मागे काळं कापड लावलं की तिचा आरसा होतो, आणि समोर तुमचं चित्र ठेवून बघत उभी राहिले. जरा वेळाने काचेकडे चोरून पाहिलं. मान उजवीकडे. अशी की जणू कुणी खांद्यावर काही ठेवायला सांगितलंय. ताठ करून पाहिली, तर चित्र दिसेना. पासष्टाव्या वर्षी माणसाला आपल्या मानेची ओळख होते. सुतारभाऊंना विचारलं, तुम्हांला हे माहीत होतं? तर म्हणे, अख्ख्या रस्त्याला माहीत आहे.

मग चित्र सरळ टांगलं आणि नव्याने बघितलं. भावजी, तुम्हांला वाटतं तुम्ही मला एकटं उभं केलंत. तसं दिसत नाही. एकटं माणूस खाली बघतं. ही सावली पुढे गेली आहे, झाडांना जाऊन टेकली आहे. आपल्या पायांच्या पुढे कितीतरी लांबपर्यंत जिचं काहीतरी पोचलंय, अशा बाईचं ते चित्र आहे. मला ती फार आवडली. मी तिच्याबद्दल परक्यासारखं लिहितेय, कारण मी तिला आत्ताच भेटले.

कापलं नाही. अक्रोडी रंगाची अरुंद पट्टी लावली, आतल्या कडेला चकाकी नाही, म्हणजे धुकं पट्टीत विरून जाईल. सव्वापाच फूट, वर पट्टी. काल वीस तारखेला हातगाडीवर चित्र आडवं ठेवून मी आणि सुतारभाऊ रुग्णालयात गेलो. गाडीबरोबर चालताना मला खात्री होती की हे परत आणावं लागणार. तुमच्या एकुलत्या एका चित्राची भिंत मी घालवली, असं तुम्हांला कोणत्या तोंडाने लिहू, याची वाक्यं जुळवत होते.

व्यवस्थापक टेप हातात घेऊनच दारात. मापलं, आणि चेहरा उतरला. खुंट्या ठोकल्यात, माप कळवलं होतं, आता मी काय करू, असं म्हणाले. बदकं तिथेच कोपऱ्यात भिंतीला टेकून होती, छान गुटगुटीत. मी वाद घातला नाही. चित्र बाकावर उभं केलं, बरोबर आणलेला तपकिरी कागद शिवणीपर्यंत धरला आणि त्यांना बघायला सांगितलं. मग कागद काढला. त्यांनी पुन्हा धरायला लावला. पुन्हा काढायला लावला. तिसऱ्या वेळी म्हणाले, बाई, कागद काढला की मला हळू बोलावंसं वाटतं, असं का होतं? मी म्हटलं, मला कळायला दोन आठवडे लागले, तुम्ही पाच मिनिटांत तिथवर आलात.

मग ते उभे राहिले आणि टेप न काढता भिंतींकडे बघत राहिले. हे मी पाहिलं आहे, खोटं सांगत नाही. औषधाच्या खिडकीसमोर लांब भिंत आहे. तिच्यावर घड्याळ आणि सूचनांचा फळा होता. फळा त्यांनी खिडक्यांच्या मधल्या खुंट्यांवर टांगायला लावला, तो तिथे नेमका बसला. घड्याळ दारावर गेलं. तिथे वाट बघणाऱ्यांना ते दिसत नाही, आणि ते बरंच झालं असं तेच म्हणाले. बदकं मोजमाप विभागात गेली, वजनकाट्याच्या वर. त्यांचंही बरं झालं.

चित्र लागलं तेव्हा हॉलमध्ये सातआठ मुलं आणि त्यांची माणसं होती. मोठ्यांनी डोंगर पाहिले, पाणी पाहिलं, दोन चंद्र आहेत असं एकमेकांना दाखवलं. हाताला प्लॅस्टर घातलेली एक सहासात वर्षांची मुलगी मात्र सरळ डावीकडे गेली आणि गवतावर बोट ठेवून तिने आईला विचारलं, ही कुणाची सावली? मला सहा दिवस लागले होते. आई म्हणाली ओढा असेल. मुलगी म्हणाली, ओढ्याला डोकं नसतं.

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन सांगितलं की ती माझी आहे. मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग चित्राकडे, मग परत माझ्याकडे. मला वाटलं आता ही काहीतरी मोठं बोलणार. ती म्हणाली, मग जरा बाजूला सरा ना, मला दिसत नाहीये.

सरले. ती माझ्या जागी उभी राहिली आणि तिचा नंबर पुकारला तरी हलेना.

म्हणून धुकं खरवडायचं तुमच्या मनातून काढून टाका. त्या सव्वा फुटात मी मोकळी झाले तर दुसऱ्या कुणाला उभं राहता येणार नाही. तुम्ही पडदेवाले, तुमची सवय बरोबर होती. माणसं पुढे येऊन उभी राहतात. आले आहेत तुमचे नट, प्लॅस्टर घालून, खोकत, नाक पुसत.

क्षमा मागायला या, पण त्याच्याआधी रुग्णालयात जा आणि बाकावर तासभर बसा. चाळीस वर्षं तुम्ही विंगेतून माझी मान बघितलीत, आता त्यांच्या बघा.

आणि हे शेवटचं चित्र वगैरे मला पुन्हा लिहू नका. मागच्या खोलीत सहा फूट कॅनव्हास ताणून ठेवला आहे, एकसंध, शिवण नसलेला. पुढच्या वेळी मला न विचारता काढलंत तरी चालेल. फक्त उभं करू नका. एखादा सपाट दगड द्या बसायला, गुडघे दुखतात.

तुमची,
वहिनी